डबीची सुट्टी

"दिवसातून किती वेळा दात घासता, ताई?" दारव्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टर नाहिद मॅडमनी विचारलं, तेव्हा नलूनं जराही न अडखळता सांगितलं, "चार वेळा."

मॅडमनी कागदावरून मान वर केली. त्या दिवशी आलेल्यांपैकी कुणी 'एकदा' म्हणालं होतं, कुणी हसून विषय टाळला होता. चार वेळा म्हणणारी ही पहिलीच बाई. "वा," त्या म्हणाल्या, "मग दाखवा बरं." नलूनं तोंड उघडलं, मॅडमनी दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ आत बघत राहिल्या.

"कशानं घासता?"

"तपकिरीनं."

नलू खोटं बोलली नव्हती. तिच्या बोरी अरब गावच्या, शेतातलं तण काढणाऱ्या निंदणाच्या टोळीतल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तरी तिनं तीन-चार असाच आकडा सांगितला असता. सकाळी चुलीजवळ एकदा, शेतात साडेअकराला एकदा, चार वाजता एकदा, आणि घरी परतल्यावर स्वयंपाकाला लागण्याआधी एकदा. तंबाखूची ती बारीक पूड चिमटीत घ्यायची, बोटानं हिरड्यांवर फिरवायची, डोळे अर्धे मिटायचे आणि थुंकायचं. दात घासणं म्हणजे हेच. घरात खिळ्याला अडकवलेल्या पेल्यात ब्रश होते, पण ते पोरांचे. पाचला उठून नळाचं पाणी, भाकरी, भाजी, डबे, झाडझूड, नवऱ्याचा चहा, आणि साडेआठला दारात ऑटोचा हॉर्न. एवढ्या घाईत ब्रशवर पेस्ट लावून आरशासमोर उभी राहणारी बाई नलूनं तरी पाहिली नव्हती.

मॅडम रागावल्या नाहीत. नलूला नंतर कितीतरी दिवस तेच आठवत राहिलं. त्यांनी तिच्या हातात छोटा आरसा दिला, तिचा खालचा ओठ बोटानं उलटा केला आणि आतली तुरीच्या दाण्याएवढी पांढरी जागा तिलाच दाखवली.

"तपकीर इथंच लावता ना?"

"हाव."

"ती बंद केली तर ही जागा बरी होऊ शकते. चालू ठेवली तर मला तुम्हाला पुढच्या तपासणीसाठी यवतमाळला पाठवावं लागेल. दोन महिन्यांनी या, आपण परत बघू. आणि दात चार वेळा नका घासू. सकाळी एकदा, झोपताना एकदा, ब्रश आणि पेस्टनं. दोनच वेळा. जमेल?"

नलूनं मान हलवली. जमेल असं तिला खरंच वाटलं होतं. बसमध्ये बसल्यावर, गाडी दारव्ह्याच्या बाहेर पडता पडता, तिच्या ध्यानात आलं की तपकीर सोडली तर शेतात बसायचं कसं, हे विचारायचं राहूनच गेलं.

हे बाहेरच्या माणसाला नीट सांगावं लागतं. बारा बायांच्या त्या टोळीच्या मुकादम होत्या विमलताई. पंचावन्नच्या पुढच्या, उंच, आवाजानं कडक. रोजानं घेतलेलं निंदण, त्यामुळे पाठ सरळ केली तरी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, मालक किसनराव बघत असतील याची जाण सगळ्यांना असायची. पाणी प्यायचं ते उभ्यानं. खाली बसायला मिळायचं ते दोनच गोष्टींसाठी, एक दुपारची भाकर आणि दुसरी डबी. साडेअकराला आणि चारला विमलताई हाक द्यायच्या, "चला वो, डब्या काढा," की बाया बाभळीच्या सावलीत जाऊन टेकायच्या आणि कमरेच्या पिशवीतून तपकिरीची डबी काढायच्या. पूड तोंडात असताना वाकलं तर ती घशात उतरते, मळमळतं, म्हणून बसावंच लागतं. दहा मिनिटं. जिच्याजवळ डबी नाही, तिला बसायचं कारणच नाही, तिनं आपली पात, म्हणजे निंदणाची ओळ, पुढं न्यायची. हा नियम कुणी लिहिला नव्हता, आणि तो विचित्र आहे असं कुणाला वाटतही नव्हतं.

म्हणून दवाखान्यातून आल्यावरही नलूची डबी कमरेलाच राहिली. उद्यापासून सोडू, असं ती रोज साडेअकराला मनाशी म्हणायची.

पुढच्या आठवड्यात तिची मुलगी समीक्षा टोळीत आली. बारावी झाली होती, नर्सिंगच्या प्रवेशाची यादी लागायला अजून वेळ होता. "घरी बसून मोबाइल पाहाण्यापरीस आईसंगं जाते," असं तिनंच ठरवलं. पहिल्या दिवशी तिनं गवताबरोबर कपाशीची दोन रोपं उपटली, तेव्हा शेजारच्या पातीतली अकीला म्हणाली, "ओ नर्सबाई, झाडाले नका उपटू, त्याले सुई टोचा." सगळ्या हसल्या, समीक्षाही हसली. अकीलाची जीभ खुरप्यासारखी होती, पण दुपारी आपल्या डब्यातली अर्धी अंडाकरी तिनंच समीक्षाच्या पोळीवर वाढली.

तिसऱ्या दिवशी साडेअकराला नलू बाभळीखाली टेकली, डबी उघडली आणि समोर बघितलं. एवढ्या मोठ्या हिरव्या वावरात एकटी समीक्षा वाकलेली होती. तिच्या तळहाताला फोड आले होते, ते तिनं ओढणीच्या टोकानं बांधले होते. मधूनच ती उठायची, कमरेवर हात ठेवायची, इकडं पाहायची आणि पुन्हा वाकायची. नलूच्या हिरडीवरचं बोट जागच्या जागी थांबलं.

त्या संध्याकाळी नलू पीठ मळत असताना समीक्षा शेजारी येऊन बसली.

"आई, उद्या मले बी एक डबी दे."

"कायले?"

"बसाले. रिकामीच देजो. मी काही लावनार नाई, नुसती हातात धरून बसीन."

नलूनं परातीतून हात काढला नाही. "रिकामी डबी कोनी हातात धरून बसत नाई, माय," ती म्हणाली.

हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिनंही डबी नुसती धरायलाच घेतली होती. दुसऱ्या दिवशी शेजारची म्हणाली, लाव ना, लाजते काहून. तिसऱ्या दिवशी बोटाला लागेल एवढी लावली. तोंड भाजल्यासारखं झालं, डोकं गरगरलं, पण कंबर टेकली होती आणि त्याचंच सुख मोठं होतं. आठव्या दिवशी बोट आपोआप डबीकडं गेलं, आणि ते आजतागायत जात होतं. दात साफ करायचे म्हणून तिनं तपकीर कधी घेतलीच नव्हती. तिनं ती बसायला मिळावं म्हणून घेतली होती.

तिनं समीक्षाकडं पाहिलं. पोरीचे दात सरळ, पांढरे, आजीवर गेलेले. रोज दोन वेळा ब्रश करायची, लहानपणी शाळेत एका मास्तरांनी सांगितलेली आणि नलूनं घरी लावलेली सवय. नर्स व्हायला निघालेल्या या पोरीच्या ओठाच्या आत तसाच एक पांढरा दाणा उद्या उगवणार, आणि तो आपल्याच डबीतून येणार. उद्यापासून हिला घरीच ठेवावं का? पण मग यादी लागेपर्यंत पोरगी रोज विचारेल, काहून, आणि त्याचं खरं उत्तर देताना आपलीच डबी मधे येईल.

फोडणी द्यायला तिनं मिसळणाचा डबा उघडला. हळद, मोहरी, तिखट, जिरं. नलू जिऱ्याकडं बघत राहिली.

जेवणं झाल्यावर तिनं मूठभर जिरं तव्यावर घेतलं आणि चांगलं काळपट होईपर्यंत भाजलं, खलबत्त्यात बारीक कुटलं, त्यात चिमूटभर सैंधव मीठ घातलं. घरातली एक जुनी रिकामी डबी उकळत्या पाण्यानं दोनदा धुतली, पुसली, तिच्यात ती पूड भरली. रंग अगदी तपकिरीचा. समीक्षानं बोट लावून चाखलं आणि हसायला लागली.

"आई, हे त मठ्ठ्याचं जिरं हाये."

"तोंड बंद ठेव. आन थुकाचं बी, बरं का. थुकली नाई त बायांले समजते."

"मले थुकता नाई येत तसं."

"शिक," नलू म्हणाली. आईनं लेकीला काय शिकवावं याची लाज वाटून ती स्वतःही हसली.

दुसऱ्या दिवसापासून समीक्षा बाभळीखाली बसू लागली. बाया तिला चिडवायच्या, "नर्सबाई बिघडल्या." ती डोळे मिटून हिरड्यांवर बोट फिरवायची आणि थुंकताना हमखास ओढणीवर सांडायची. नलू तिच्या शेजारी आपली खरी डबी उघडायची. लेकीच्या डबीत जिरं आणि आपल्या डबीत तपकीर, हे रोज दोनदा बघणं तिला जड जाऊ लागलं होतं. भीतीही होतीच. एखादीनं चिमूट मागितली तर? बोभाटा झाला असता, हसं झालं असतं, ते सोसलं असतं. पण मग एखादी मायेनंच म्हणाली असती, घे माय, ते जिरं काय लावते, हे खरं लाव. या बायांची माया नलूला ठाऊक होती. तिला स्वतःला डबी अशाच मायेनं मिळाली होती.

आणि मागितलं ते विमलताईंनीच. सहाव्या दिवशी बाभळीखाली बसल्यावर त्यांनी पिशवी चाचपली, पदर चाचपला. डबी घरी राहिली होती. सगळ्यात जवळ समीक्षा होती.

"पोट्टे, आन तुही."

समीक्षानं आईकडं बघितलं. विमलताईंनी स्वतःच हात लांब करून डबी घेतली, झाकण काढलं, भरपूर चिमूट उचलली आणि खालच्या हिरडीवर दाबली. बोट एकदा डावीकडं गेलं, एकदा उजवीकडं, आणि थांबलं. त्यांनी समीक्षाकडं पाहिलं, मग नलूकडं. नलूनं मान खाली घातली.

"काय ताई," अकीला म्हणाली, "नर्सबाईचा माल कसा हाये?"

विमलताईंनी सावकाश बोट फिरवलं. पूर्ण दहा मिनिटं फिरवलं. मग बाजूला वळून व्यवस्थित थुंकल्या. "कडक हाये," त्या म्हणाल्या. "तुह्यासारख्या कच्च्या बाईले झेपाची नाई." डबीचं झाकण घट्ट लावून त्यांनी ती समीक्षाच्या हातात परत दिली आणि हाक दिली, "चला, उठा."

दुपारच्या भाकरीनंतर मात्र त्यांनी नलूच्या शेजारची पात धरली. मुकादम बाई सहसा स्वतः पात धरत नाही.

"नलू, ताक कुठं हाये वो?"

"अं?"

"जिरं त खाल्लं मी. ताक कुठं हाये म्हनते."

नलूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं खुरपं खाली ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं, दवाखाना, ओठाच्या आतली जागा, पोरीचे फोड, तवा. "चुकलं माह्यं, ताई. तुमाले फसवलं मी."

"खुरपं थांबवू नको, किसनराव येऊन राह्यला धुऱ्यावर," विमलताई म्हणाल्या. मग खाली बघूनच बोलू लागल्या. "मी अठरा वर्षांची होती, पयल्या खेपेले पोटुशी. तवा किसनरावचा बाप उभा राहे तिथं. खाली बसली का वरडे. एक म्हातारी होती टोयीत, नाव बी नाई राह्यलं आता माह्या ध्यानात. तिनं डबी देल्ली मले. म्हने, हे लाव, दात घासनाऱ्या बाईले तो काही म्हनत नाई, त्याची माय बी घासते. तवापासून ही सुट्टी. माह्यं पयलं लेकरू त्या डबीपायी वाचलं, असंच म्हनते मी. लय उपकार त्या बाईचे." त्यांनी गवताचा जुडगा झाडून बाजूला टाकला. "दात मात्र चारच राह्यले. तिले बिचारीले दुसरं काही सुचलं नाई. तुले सुचलं."

एवढं बोलून त्या उठल्या आणि पुढच्या पातीवर जाऊन कुणाला तरी रागावू लागल्या.

दुसऱ्या दिवशी ऑटोत चढताना विमलताईंच्या मांडीवर झाकणाचा मोठा स्टीलचा डबा होता. साडेअकराला त्यांनी रोजची हाक दिली, "डब्या काढा," आणि बाया बसल्यावर डब्याचं झाकण उघडलं. घरच्या म्हशीचं ताक. "पोट्टे, तुही डबी आन," त्या समीक्षाला म्हणाल्या आणि सगळ्यांच्या देखत ती अख्खी डबी ताकात उपडी केली. अकीलानं एकदा डबीकडं पाहिलं, एकदा विमलताईंकडं. "हाय अल्ला," ती म्हणाली, "म्हनून काल कडक होती काय." मग कुणालाच हसू आवरलं नाही.

नेमकी त्याच वेळी किसनरावांची मोटारसायकल धुऱ्यावर थांबली. सगळ्या बाया बसलेल्या, तोंडात तपकीर नाही, हातात पेले. नलूनं आपला पेला पदराआड घेतला.

"विमलताई, हे काय नवीन?"

"डबी चालू हाये, भाऊ."

"डबी त दिसत नाई कोनाजवय."

"हे काय," विमलताईंनी रिकामी डबी वर करून दाखवली. "यंदा थोडी पातय झाली."

"आन दात?"

"दात राह्यले किती, भाऊ? माह्ये चार हायेत. घासाले काही उरलं त पाह्यजे. तुमच्या मायचे बी असेच गेले ना?"

किसनरावांची आई शेवटची दोन वर्षं पेजेवर होती, ते टोळीतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी घड्याळात पाहिलं. "दहाच मिनिटं ना?"

"उलट दोन कमी. तपकिरीले चढाले वेळ लागते."

ते गाडी स्टँडवर लावून सावलीत आले. "मले बी द्या अर्धा गिलास," म्हणाले. प्यायल्यावर पेला परत देताना त्यांनी विचारलं, "जिरं कोनी भाजलं हे?"

"नलूनं," विमलताई म्हणाल्या. कडक आवाजातच म्हणाल्या, पण नलूला तो शब्द शाबासकीसारखा लागला.

त्या दिवसापासून सगळ्यांनी तपकीर सोडली असं काही झालं नाही. चार-पाच जणी त्याच सावलीत आपली डबी उघडायच्या, अकीलाही त्यांतलीच. पण आता बसायला डबी लागत नव्हती. नवी पोरगी आली तर तिला पेला मिळायचा. नलूनं आपली डबी त्याच संध्याकाळी चुलीत रिकामी केली. पुढचे चार दिवस डोकं ठणकलं, हात सारखा कमरेकडं जायचा, नवऱ्यावर, पोरांवर उगीच खेकसणं व्हायचं. ती तोंडात लवंग धरून राहिली. दोनदा अकीलाच्या डबीकडं बघत बसली, तेव्हा अकीलानंच डबी बंद करून पाठीमागं टाकली आणि म्हणाली, "मेरेकू मत देख, उधर देख." सकाळी पाचाच्या घाईत समीक्षा पेस्ट लावलेला ब्रश आईच्या हातात ठेवायची आणि रात्री जेवणानंतर पुन्हा, आणि दोन मिनिटं होईपर्यंत शेजारी उभी राहायची. लहानपणी नलू तिच्या शेजारी उभी राहायची तशीच.

सप्टेंबरात यादी लागली आणि समीक्षा यवतमाळला गेली. आता ब्रश हातात द्यायला कुणी नव्हतं, पण खिळ्यावरच्या पेल्यात आईसाठी नवा हिरवा ब्रश ती ठेवून गेली होती. नळाला पाणी यायच्या आधीची दोन मिनिटं नलूनं त्याला देऊन टाकली. एवढ्या वर्षांत ती दोन मिनिटं कुठं होती, हे तिलाच कळेना.

ऑक्टोबरात ती पुन्हा दारव्ह्याला गेली. नाहिद मॅडमनी तिचा कागद काढला, त्यावरचं काहीतरी वाचून हसल्या.

"दिवसातून किती वेळा दात घासता, ताई?"

"दोन वेळा."

"कमी केले म्हणा." त्यांनी दिवा ओढला, ओठ उलटा केला, आरसा दिला. पांढरी जागा पूर्ण गेली नव्हती, पण आता ती शोधावी लागत होती. "अजून दोन महिने," मॅडम म्हणाल्या. "अशाच या." नलूला त्यांचे आभार मानायचे होते. तोंड उघडंच असल्यामुळे तिनं नुसते हात जोडले.

परतताना बसस्टँडवरून ती सरळ घरी गेली नाही. आधी दुकानातून पाव किलो जिरं घेतलं, घरी जाऊन भाजलं, कुटलं, आणि समीक्षाची ती जुनी डबी काठोकाठ भरून विमलताईंच्या दारात गेली. विमलताई म्हशीला पाणी दाखवत होत्या. दवाखान्यात काय म्हणाले ते नलूनं सांगितलं. तिनं डबी पुढं केली.

विमलताईंनी झाकण उघडून वास घेतला. "सकायी लवकर ये," त्या म्हणाल्या. "कापूस फुटला किसनरावचा." आणि डबी त्यांनी कमरेच्या पिशवीत ठेवली, जिथं एवढी वर्षं दुसरी असायची.